घाटाची वाट कुणाला माहीत?

मंडळी, रत्नागिरी जिल्ह्याचा नकाशा उघडा आणि त्याची उजवीकडची सीमा बघा. वर खेडपासून खाली राजापूरपर्यंत ती रेघ जवळपास सगळीच सह्याद्रीच्या कड्यावरून गेली आहे. रेघेच्या अलीकडे आपण, पलीकडे सातारा, सांगली आणि कोल्हापूर. सायकलवरून आंबा घाट चढताना ही रेघ मांड्यांना बरोब्बर कळते. हातखंबा, पाली, नाणीज, दाभोळे असं साखरप्यापर्यंतही चढउतार आहेतच, पण ते आपल्या ओळखीचे, कोकणातले. साखरपा सोडलं की समोर भिंत उभी राहते. गायमुखाला बाटली भरून घ्यायची आणि गप्प पेडल मारत राहायचं. सुमारे दोन हजार फुटांवर आंबा गाव येतं, तेव्हा तुम्ही दुसऱ्या जिल्ह्यात, दुसऱ्या हवेत आणि खरं सांगायचं तर दुसऱ्या बोलीतही पोचलेले असता.

युरोपातले सायकलवाले आल्प्समधल्या खिंडींची यादी करतात आणि दर उन्हाळ्यात एकेक पार करतात. इटलीतली स्टेल्वियो खिंड 2757 मीटर उंच, एका बाजूच्या चढाला 48 वळणं. त्यांच्या फोटोंपुढे आपला आंबा घाट म्हणजे टेकडीच म्हणायची. पण तो रस्ता ऑस्ट्रियाने 1820 च्या दशकात बांधला. आपल्या नाणेघाटात सातवाहनांचा शिलालेख कोरला गेला त्याला दोन हजार वर्षं झाली. तेव्हा उंचीत हरलो तरी वयात नाही! आणि आणखी एक गंमत. मराठीत घाट म्हणजे मुळात डोंगर चढायची वाट. परदेशी लोकांनी वाटेचं नाव अख्ख्या डोंगररांगेला देऊन टाकलं आणि सह्याद्रीचे 'वेस्टर्न घाट्स' झाले.

गेली तीन-चार वर्षं सुट्टी मिळाली की मी पुण्याहून घरी जातो आणि यातल्या एखाद्या घाटात शिरतो. कधी सायकलने, कधी पायी. घरी परतल्यावर त्या घाटाबद्दल मिळेल ते वाचायचं, हा पुढचा उद्योग. वाचताना एक गोष्ट फिरून फिरून समोर येत राहिली. या सीमेवरच्या लढायांत माणसं किती, तोफा किती याची चर्चा फार होते. पण बऱ्याच वेळा निकाल एकाच प्रश्नावर लागलेला दिसतो: वाट कुणाला माहीत होती?

सुरुवात 15व्या शतकापासून करू. बहामनी सुलतानाला कोकणपट्टी हवी होती, कारण दाभोळसारखी बंदरं तिथे होती. (अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी 1472 मध्ये परतीचं जहाज पकडायला दाभोळलाच आला होता.) शतकाच्या मध्याला सुलतानाचा सरदार मलिक-उत्-तुजार मोठी फौज घेऊन सह्याद्रीत उतरला. त्याने आधी शिर्क्यांना शरण आणलं. फेरिश्ता सांगतो ती हकीकत अशी. शिर्के म्हणाले, तुमचं सगळं ऐकतो, पण आधी खेळण्याच्या राजाचा बंदोबस्त करा, वाट आम्ही दाखवतो. खेळणा म्हणजे आजचा विशाळगड. पहिले दोन दिवस वाट चांगली निघाली. तिसऱ्या दिवशी फौज अशा रानात शिरली की घोड्यांना वळायला जागा नाही, सूर्य दिसत नाही, राहुट्या ठोकायला सपाटी नाही. सरदार स्वतः आजारी. रात्री शिर्के आणि खेळण्याचे लोक मिळून तुटून पडले. फौज कापली गेली, मलिक-उत्-तुजारही मारला गेला.

फेरिश्ताने हे सुमारे दीडशे वर्षांनंतर विजापुरात बसून लिहिलं, तेव्हा थोडं मीठमसाला धरून चला. पण विशाळगडाच्या आसपासचं रान ज्याने पावसाळ्यानंतर पाहिलंय त्याला यातलं काही अशक्य वाटणार नाही. मला तरी वाटत नाही.

पुढे 1470 च्या सुमाराला महमूद गवान त्याच मुलुखात आला. त्याने वाटाड्यांवर भिस्त ठेवलीच नाही. रान तोडत, जाळत पुढे सरकला, पाऊस सुरू झाल्यावर घाट चढून कोल्हापूरला छावणी केली आणि पावसाळा संपल्यावर परत उतरला. खेळणा मिळाला, पाठोपाठ 1472 मध्ये गोवा. म्हणजे ज्याला वाट माहीत नाही त्याने वाट नव्याने करायची, त्याला वर्षं लागली तरी चालतील. आमच्या क्षेत्रात जुना प्रोग्राम समजत नसेल तर पहिल्यापासून लिहून काढतात, तसंच. खर्च येतो, पण कुणाच्या भरवशावर राहावं लागत नाही.

आता दक्षिणेला राजापूरकडे वळू. अणुस्कुरा घाट हा राजापूर बंदराचा जिना. पाचल, येरडव करत पायथ्याशी जायचं आणि चढून शाहूवाडी तालुक्यात निघायचं. जुनी वाट दगडी फरसबंदीची आहे आणि ती शिलाहारांच्या काळातली असल्याचं सांगतात. फरसबंदी कशाला, तर बैलांसाठी. गाडी चढू शकत नाही अशा उतारावर माल बैलांच्या पाठीवरच्या गोण्यांतून जायचा. मीठ, सुकी मासळी वर. धान्य, गूळ, मिरच्या खाली. घाटात चौकी असायची आणि जकातीचा हिशेब ठेवणारा घाटपांड्या. आज घाटपांडे आडनावाची माणसं आपल्यात आहेत, त्यांच्या आडनावाचं मूळ या चौकीत आहे.

17व्या शतकात राजापूर हे विजापूरच्या आदिलशाहीचं महत्त्वाचं बंदर होतं. तिथे इंग्रजांची वखार होती. 1660 मध्ये सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला, शिवाजी महाराज आत अडकले, तेव्हा या वखारीतले हेन्री रेव्हिंग्टन आणि त्याचे साथीदार दारूगोळा घेऊन घाट चढून पन्हाळ्याला गेले आणि गडावर तोफगोळे डागले. व्यापाऱ्यांनी या भानगडीत पडायचं काही कारण नव्हतं. पण आदिलशाही खूश होईल, सवलती मिळतील असा हिशेब असावा. महाराज जुलैमध्ये वेढ्यातून निसटले आणि पावनखिंडीच्या लढाईनंतर विशाळगडावर पोचले. तिथेही सूर्यराव सुर्वे आणि जसवंतराव दळवी हे कोकणातले सरदार आदिलशाहीतर्फे गडाला वेढा घालून बसले होतेच. म्हणजे खालून घाट चढून येणं त्यांना जमलेलं होतं.

हिशेब चुकता झाला पुढच्या वर्षी. फेब्रुवारी 1661 मध्ये महाराजांनी उंबरखिंडीत कारतलबखानाला अडवलं. तो बोरघाट सोडून अडचणीच्या कुरवंड्याच्या घाटाने कोकणात उतरत होता आणि मधल्या चिंचोळ्या जागेत दोन्ही तोंडं बंद झाली. शरण येण्याशिवाय इलाज उरला नाही. तिथून महाराज दक्षिणेला येत थेट राजापुरात उतरले. वखार लुटली गेली, रेव्हिंग्टन आणि मंडळी कैद झाली आणि सुमारे दोन वर्षं आत राहिली. श्रृंगारपूरच्या सुर्व्यांचा मुलूखही त्याच वर्षी स्वराज्यात आला.

आणि मग 1689. यावर लिहिताना हात जरा आखडतो. शेख निजाम मुकर्रबखान कोल्हापूरच्या बाजूला होता आणि संभाजी महाराज संगमेश्वरला. आजच्या गाडीरस्त्याने हे अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास आहे, मध्ये सह्याद्रीची भिंत. निवडक स्वार घेऊन खान ही भिंत उतरला आणि 1 फेब्रुवारीला महाराज आणि कवी कलश पकडले गेले. इतक्या वेगाने, सुगावा न लागता खाली उतरायचं म्हणजे वाट माहीत असणारं कुणीतरी हवं, हे उघड आहे. लोकांनी ते नाव ठरवून टाकलं: गणोजी शिर्के. म्हणजे सव्वादोनशे वर्षांपूर्वी बहामनी फौजेला रानात नेऊन बुडवणारं आडनाव पुन्हा वाटाड्या म्हणूनच समोर येतं, आणि या वेळी खलनायक होऊन.

मला हे फार सोयीचं वाटतं. गणोजीने वाट दाखवली यावर इतिहासकारांचं एकमत नाही, खान नेमक्या कुठल्या घाटाने उतरला यावरही वाद आहेत. 2025 मध्ये 'छावा' सिनेमा आला तेव्हा शिर्के घराण्याच्या वंशजांनी यावरूनच आक्षेप घेतला होता. (हानिबल ख्रिस्तपूर्व 218 मध्ये आल्प्स ओलांडून गेला, त्याची खिंड कुठली यावर युरोपात अजून भांडतात, तेव्हा आपण एकटे नाही.) शिवाय घाटाची वाट एका माणसाकडे असते थोडीच? ती गुरं चारणाऱ्या धनगराला माहीत असते, बैल हाकणाऱ्याला, चौकीवरच्या शिपायाला. खान महिनोन्महिने कोल्हापूर भागात वावरत होता, त्याला पैसे देऊन वाटाड्या मिळणं कठीण नव्हतं. ज्यांची नावं कागदावर आली नाहीत त्यांच्यावर संशय घेता येत नाही, म्हणून तो सगळा ज्याचं नाव माहीत आहे त्याच्यावर जाऊन बसतो.

असो. आज या जिल्ह्यातून वर जाणारी वाहतूक मुख्यतः कुंभार्ली, आंबा आणि अणुस्कुरा या तीन घाटांतून चालते. रेल्वे अजूनही इथून घाटावर चढलेली नाही, कोकण रेल्वे पायथ्याने सरळ निघून जाते. बाकीच्या पायवाटा आटत चालल्यात. प्रचितगडाचा परिसर आता चांदोलीच्या राष्ट्रीय उद्यानात आहे, म्हणजे सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात, तिथे परवानगीशिवाय फिरता येत नाही. वाघासाठी ते ठीकच आहे. पण ज्या गवळी-धनगरांच्या पायांनी या वाटा उघड्या राहायच्या, त्यांच्या वस्त्या उठल्या की दोन-तीन पावसाळ्यांत कारवी वाट गिळून टाकते.

जुलै 2021 च्या पावसात आंबा घाटाचा रस्ता खचला आणि अवजड वाहनांना कित्येक दिवस बंद राहिला. अणुस्कुऱ्याची जुनी फरसबंदी नव्या गाडीरस्त्याने मधेमधे कापली आहे, पण उरलेल्या तुकड्यांतले दगड जागेवर आहेत. येरडवकडून चढणार असाल तर पावसाळ्यानंतर जा, सकाळी लवकर निघा आणि गावातलं कुणीतरी बरोबर घ्या.