आवळा, कोहळा आणि खलाशी
केशवसुतांच्या मालगुंडात, किंबहुना साऱ्या कोकणात, काजू आज घरचाच वाटतो; पण तो सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणला. लिस्बनहून गोव्याकडे येणाऱ्या त्यांच्याच जहाजांवर मात्र खलाशी हिरड्या सुजून, जुन्या जखमा उघडून मरत. व्याधी स्कर्वी. १७४७ साली जेम्स लिंड या ब्रिटिश नौदलाच्या वैद्याने बारा रुग्णांपैकी दोघांना संत्री व लिंबू दिले. तेच दोघे सर्वांआधी सावरले. त्यामागचे ‘क’ जीवनसत्त्व विसाव्या शतकात हाती लागले.

‘आवळा देऊन कोहळा काढणे’ ही आपली म्हण आवळ्याला क्षुल्लक ठरवते. वजनापुरते ते खरेच! परंतु हे जीवनसत्त्व आवळ्यात संत्र्याच्या कित्येक पट असते. त्या खलाशांनी कोहळा देऊन आनंदाने आवळा घेतला असता.