पीएनआरचा पहिला अंक आणि रेल्वेची एकच वही

आपल्या मोबाइलमध्ये रेल्वेचे एखादे जुने तिकीट असेल, तर ते उघडून त्यावरील दहा अंकी पीएनआर क्रमांकाचा पहिला अंक पाहावा. तो ८ किंवा ९ असेल, तर ते आरक्षण मुंबईच्या केंद्राचे आहे. २ किंवा ३ असेल तर दिल्लीच्या, ४ किंवा ५ असेल तर चेन्नईच्या, ६ किंवा ७ असेल तर कोलकात्याच्या आणि १ असेल तर सिकंदराबादच्या केंद्राचे. तिकीट आपण कोठे बसून काढले, याच्याशी या अंकाचा संबंध नाही. ती गाडी कोणत्या केंद्राच्या हिशेबात आहे, याच्याशी आहे.

मी बंगळुरूच्या राजाजीनगरात राहतो. यशवंतपूर स्थानक येथून जवळच आहे. माहिती तंत्रज्ञानाची राजधानी म्हणवणाऱ्या या शहराला मात्र त्या यादीत स्वतःचा अंक नाही. ही केंद्रे १९८० च्या दशकात ठरली, तेव्हा बंगळुरू दक्षिण रेल्वेत होते आणि दक्षिण रेल्वेचे मुख्यालय मद्रासला. चाळीस वर्षांपूर्वीची ती रचना आजही आपल्या हातातील तिकिटावर छापून येते.

हे आठवण्याचे कारण म्हणजे ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेत आलेली एक माहिती. रेल्वेमंत्र्यांनी लेखी उत्तरात सांगितले की, प्रवासी आरक्षणाची सध्याची यंत्रणा २०१० पासून चालू असून ती इटेनियम सर्व्हर आणि ओपन व्हीएमएस या कार्यप्रणालीवर आधारलेली आहे, आणि तिच्या जागी क्लाउडशी जुळणारी नवी यंत्रणा उभारली जात आहे. वर्तमानपत्रांनी ही बातमी 'आता तिकिटे वेगाने मिळणार' अशा मथळ्याखाली दिली. तंत्रज्ञानाच्या इतिहासाच्या दृष्टीने मात्र तिचा अर्थ अधिक गंभीर आहे. २००२ पासून या यंत्रणेचा चेहरा अनेकदा बदलला, गाभा तोच राहिला. आता प्रथमच गाभ्याला हात लागणार आहे.

हा गाभा म्हणजे नेमके काय, हे समजण्यासाठी संगणकापूर्वीच्या काळात जावे लागते. तेव्हा प्रत्येक गाडीच्या प्रत्येक दिवसासाठी आरक्षणाची वही असे. निरनिराळ्या गाड्यांसाठी निरनिराळ्या खिडक्या. चुकीच्या रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाला दुसऱ्या रांगेच्या शेवटी जाऊन पुन्हा उभे राहावे लागे. परतीच्या प्रवासाची जागा हवी असेल तर तार करावी लागे. ही पद्धत संथ होती, गैरव्यवहाराला वाव देणारी होती. पण तिच्यात एक मोठा गुण होता. वही एकच असल्यामुळे एकच बर्थ नकळत दोघांना दिली जाणे अवघड होते. हा एका वहीचा गुण शेकडो खिडक्यांवर एकाच वेळी टिकवून धरणे, हे संगणकापुढचे खरे आव्हान होते.

रेल्वेला संगणक नवे नव्हते. १९६० च्या दशकातच आयबीएम १४०१ ही यंत्रे विभागीय रेल्वेंमध्ये आली होती. पगारपत्रके आणि मालवाहतुकीचे हिशेब त्यांवर होत. पंचकार्डांचा गठ्ठा द्यायचा आणि यंत्राने तो संपवला की निकाल घ्यायचा, अशी ही पद्धत. आरक्षणाला ती निरुपयोगी होती, कारण खिडकीवरच्या माणसाला उत्तर त्याच क्षणी हवे असते. असे तत्काळ उत्तर देणारी मोठी व्यवस्था प्रथम अमेरिकन एअरलाइन्स आणि आयबीएम यांनी सेबर या नावाने उभारली. १९६४ पर्यंत त्या कंपनीचे सारे आरक्षण तिच्यावर आले होते.

भारतात हे काम झाले ते वेगळ्या परिस्थितीत. १९७८ मध्ये आयबीएमने देशातून काढता पाय घेतला. तिच्या यंत्रांची देखभाल कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन, म्हणजे सीएमसी, या सरकारी कंपनीकडे आली. दुसऱ्यांची यंत्रे दुरुस्त करणाऱ्या या कंपनीने पुढे रेल्वेसाठी 'इम्प्रेस' नावाची आरक्षण आज्ञावली लिहिली आणि १९८५-८६ मध्ये ती नवी दिल्लीत सुरू झाली. यंत्र होते डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनचे व्हॅक्स. काटेकोर बोलायचे तर ते मेनफ्रेम नव्हे, 'सुपरमिनी' वर्गातील यंत्र. पण त्याच्याकडून अपेक्षित काम मेनफ्रेमचेच होते. दशक संपण्यापूर्वी मुंबई, कोलकाता, मद्रास आणि सिकंदराबाद येथेही केंद्रे उभी राहिली.

एका वहीचा गुण संगणकात कसा उतरतो, हे पाहू. गणपतीच्या आदल्या दिवशी मुंबईहून कोकणात जाणाऱ्या गाडीत एकच बर्थ उरली आहे. दादर आणि ठाणे येथील दोन कारकून एकाच क्षणी ती मागतात. दोघांच्या पडद्यावर 'उपलब्ध: १' असेच दिसते. यंत्रणेने दोन्ही मागण्या जशाच्या तशा मान्य केल्या, तर डब्यात भांडण ठरलेले. म्हणून जिची मागणी काही सहस्रांश सेकंद आधी पोहोचते, तिच्यासाठी त्या नोंदीला कुलूप लावले जाते. नोंद वाचायची, बदलायची, कायम करायची आणि मगच कुलूप काढायचे. दुसऱ्या मागणीला तोवर थांबावे लागते, आणि तिला उत्तर मिळते ते प्रतीक्षायादीचे. मध्येच वीज गेली, तर अर्धवट झालेला व्यवहार पूर्णपणे रद्द होतो. व्यवहार संपूर्ण होईल किंवा मुळीच होणार नाही. मधली स्थिती नाही.

पुढची अडचण अशी की, ही पाच केंद्रे म्हणजे पाच बेटे होती. ती जोडण्यासाठी रेल्वेच्या 'क्रिस' या संस्थेने 'कॉन्सर्ट' ही आज्ञावली फोरट्रान आणि सी या भाषांत लिहिली. सप्टेंबर १९९४ मध्ये ती सिकंदराबादला सुरू झाली आणि एप्रिल १९९९ पर्यंत पाचही केंद्रे एकमेकांना जोडली गेली. या जोडणीत पाच वह्यांची एक वही केलेली नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. प्रत्येक गाडीची वही तिच्या केंद्रातच राहिली. बदलले ते एवढेच, की नागपूरच्या खिडकीवरचा प्रश्न आता जाळ्यातून त्या केंद्रापर्यंत जाऊ लागला आणि उत्तर घेऊन परत येऊ लागला. पीएनआरचा पहिला अंक हा त्या निर्णयाचा अवशेष आहे.

३ ऑगस्ट २००२ रोजी आयआरसीटीसीच्या संकेतस्थळावर तिकिटे मिळू लागली आणि जुन्या गाभ्याला वेबचा चेहरा लाभला. अशा कामाच्या जगभर दोन मुख्य रीती आहेत. एका रीतीत वेबचा सर्व्हर जुन्या यंत्रणेसमोर टर्मिनल असल्याची बतावणी करतो: कारकून जी अक्षरे टंकित करील, तीच तो पाठवतो आणि पडद्यावर आलेल्या ओळींतून उत्तर वेचून घेतो. दुसऱ्या, अधिक शिस्तीच्या रीतीत जुन्या आज्ञावलीभोवती एक पातळ कवच बसवतात. बाहेरच्यांनी ठरावीक नमुन्यात संदेश पाठवायचा, कवचाने तो जुन्या भाषेत आत सांगायचा. यालाच वेब सेवा म्हणतात. दोन्ही रीतींत गाभ्याला कळतही नाही की, समोर खिडकीवरचा कारकून आहे की घरी बसलेला प्रवासी.

मात्र वेबचा चेहरा आला म्हणून सारे आधुनिक झाले नाही. आरंभीच्या इंटरनेट तिकिटाचे पैसे प्रवासी घरबसल्या भरी. तिकीट मात्र रेल्वेच्या कागदावर छापून कुरिअरने त्याच्या घरी येई. घरी छापलेले ई-तिकीट २००५ मध्ये आले. त्यासाठी बर्थवरचा हक्क कागदाने नव्हे, तर नोंदीतील नाव आणि ओळखपत्र यांनी सिद्ध होतो, एवढे नियमाने मान्य करावे लागले. आजही हे संकेतस्थळ रात्री पावणेबाराच्या सुमारास अर्ध्या तासाहून थोडा अधिक वेळ आरक्षण थांबवते. जगभरची संकेतस्थळे अहोरात्र चालतात. हे थांबते, कारण त्याच्यामागचा गाभा दिवसाचा हिशेब मिटवून मगच नवा दिवस उघडतो.

२०१४ मध्ये क्रिसने संकेतस्थळाची पुढची पिढी आणली. मिनिटाला २,००० तिकिटांची क्षमता ७,२०० वर गेली. त्यापुढची झेप आणखी मोठी होती: २२ मे २०२५ रोजी सकाळी दहाच्या ठोक्याला एका मिनिटात ३१,८१४ तिकिटे निघाली, म्हणजे सेकंदाला सुमारे ५३०. नव्या यंत्रणेचे लक्ष्य मिनिटाला एक लाखाहून अधिक तिकिटांचे आहे.

या आकड्यांविषयी विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी सावध असावे. रांगांच्या गणितातील सर्वांत सोप्या प्रतिमानात, यंत्रणा आपल्या क्षमतेच्या निम्म्याने काम करत असेल, तर मागणी पूर्ण होण्याचा सरासरी वेळ रिकाम्या यंत्रणेच्या दुप्पट असतो. ९० टक्के भार असेल तर दहापट, ९९ टक्के असेल तर शंभरपट. सकाळी दहा वाजता फिरणारे ते चक्र म्हणजे हेच गणित. वेबचे सर्व्हर वाढवल्याने दरवाजा रुंद होतो. आत वही एकच असेल, तर गर्दी दरवाज्यातून सुटून वहीपाशी साचते. म्हणून आता गाभाच बदलणे आवश्यक ठरले. त्याबरोबरच हेही खरे की, कोणतीही यंत्रणा गाडीत एक बर्थही वाढवू शकत नाही. गणपतीच्या गाड्या आज काही मिनिटांत भरतात. नवी यंत्रणा आल्यावर त्या कदाचित त्याहून लवकर भरतील.

बदलाचे दुसरे कारण यंत्रांचे आयुष्य. व्हॅक्सनंतर अल्फा आले, अल्फानंतर इटेनियम. डिजिटल ही कंपनी १९९८ मध्ये कॉम्पॅकने घेतली, आणि कॉम्पॅक २००२ मध्ये एचपीत विलीन झाली. इटेनियमचा पुरवठा २०२१ मध्ये थांबला. ज्या सीएमसीने पहिली आज्ञावली लिहिली, तीही २०१५ मध्ये टीसीएसमध्ये विलीन झाली. यंत्रे नवी घेता येतात. ती आज्ञावली ज्यांनी लिहिली, त्यांची स्मृती विकत मिळत नाही.

याचा एक लहानसा अनुभव मला आहे. पीएचडीच्या काळात हाती आलेल्या एका जुन्या फोरट्रान आज्ञावलीत एक अट अगदी निरर्थक दिसत होती. मी ती काढून टाकली. तीन आठवडे आलेख चुकत राहिले, तेव्हा उलगडा झाला: उपकरणाची एक वाहिनी पूर्वीच बिघडलेली होती आणि ती अट तिला वगळण्यासाठी घातलेली होती. ज्यांनी ती लिहिली, त्यांना हे इतके उघड वाटले असावे की, त्यांनी कारण कोठेही नोंदवले नाही.

आरक्षणाच्या आज्ञावलीत अशा किती अटी असतील याची कल्पना करावी. बाजूच्या खालच्या बर्थवर दोघांना बसवणारी आरएसी, महिलांचा कोटा, ज्येष्ठांची खालची बर्थ, मधल्या स्थानकांची वेगळी प्रतीक्षायादी, एखाद्याने तिकीट रद्द केल्यावर कोण किती पुढे सरकेल याचा क्रम. यातील प्रत्येक नियम कोणत्या तरी प्रवाशाच्या अडचणीतून आलेला आहे. गाभा बदलताना चूक झाली तर काय होते, याचे उदाहरण ब्रिटनच्या टीएसबी बँकेने एप्रिल २०१८ मध्ये दिले. खाती नव्या प्रणालीवर हलवताना सुमारे १९ लाख ग्राहकांना आपल्याच खात्यांत शिरता येईना. बँकेला पुढे ४ कोटी ८६ लाख पौंडांहून अधिक दंड झाला. आपल्याकडे अशी चूक फलाटावर दिसेल, रात्री अकरा वाजता, सामान आणि मुले घेऊन उभ्या असलेल्या कुटुंबाच्या रूपाने.

म्हणून वेगाच्या आकड्यांपेक्षा मला एक साधी मागणी महत्त्वाची वाटते. हे स्थलांतर होत असताना आज्ञावलीत दडलेले सारे नियम, त्यांच्या कारणांसह, सामान्य वाचकाला समजतील अशा भाषेत लिहून प्रसिद्ध व्हावेत. प्रतीक्षायादी कशी सरकते, हे जाणण्याचा हक्क प्रतीक्षायादीत असलेल्या माणसाला आहे. २०२४-२५ मध्ये ८६ टक्क्यांहून अधिक आरक्षित तिकिटे ऑनलाइन निघाली. उरलेली आजही खिडकीवर निघतात. संकेतस्थळाचा चेहरा कितीही बदलला, तरी खिडकीवरच्या माणसाला त्याचा स्पर्श होत नाही. त्याला आणि घरी मोबाइल घेऊन बसलेल्याला समान पातळीवर आणणारी गोष्ट एकच: दोघांची मागणी शेवटी त्याच वहीपर्यंत पोहोचते.

नव्या यंत्रणेत पीएनआरचा पहिला अंक कदाचित निरर्थक होईल. बंगळुरूच्या गाडीसाठी चेन्नईचा अंक लागणार नाही. त्याचे दुःख करण्याचे कारण नाही. मात्र नव्या यंत्रणेवर काढलेले पहिले तिकीट हाती येईल, तेव्हा ते किती सेकंदांत निघाले याबरोबर आणखी एक गोष्ट पाहावी: डब्यात आपल्या बर्थवर आधीच कोणी बसलेले नाही ना.