शिकेकाई आणि शांपू यांच्या मधला साबण

रसायनशास्त्रात डॉक्टरेट केलेल्या माणसाला मंडळाच्या कार्यक्रमात दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला, गालिच्यावर पडलेला हळदीचा डाग कशाने जाईल? दुसरा, "शांपूत सगळी केमिकल्सच असतात म्हणे, मग आपली शिकेकाई काय वाईट होती?" हळदीपुढे आम्ही केव्हाच हात टेकले आहेत. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर हातात बटाटेवड्याची प्लेट धरून देता येत नाही, म्हणून हा लेखप्रपंच.

शिकेकाई हा शब्द कन्नड मुलखाकडचा. तिकडे 'सीगेकायी' म्हणतात आणि 'कायी' म्हणजे फळ किंवा शेंग. बाभळीच्या कुळातल्या या काटेरी वेलीच्या शेंगांत आणि रिठ्याच्या सालीत सॅपोनिन नावाची द्रव्ये असतात. त्यांच्या रेणूचे एक टोक पाण्याला धरते, दुसरे तेलाला. त्यामुळे डोक्यावरचे तेल आणि मळ पाण्याबरोबर निघून जातो. म्हणजे केमिकल म्हणायचे तर सॅपोनिन हेही केमिकलच! सॅपोनिन असलेली फळे-मुळे ओढ्याच्या पाण्यात कुटून टाकायची आणि गुंगलेले मासे हाताने गोळा करायचे, ही पद्धत जगात बऱ्याच ठिकाणी होती. रिठ्याचे पाणी डोळ्यांत गेलेल्या वाचकांना त्या माशांचे दुःख समजेल.

साबणही मळ असाच काढतो. पण साबण अल्कधर्मी, त्याच्या पाण्याचा पीएच नऊ-दहाच्या घरात. अशा पाण्यात केस फुगतो, त्यावरचे बारीक खवले उभे राहतात आणि केस एकमेकांत अडकतात. शिकेकाईचे पाणी उलट किंचित आम्लधर्मी. त्यात ते खवले मिटलेले राहतात. दुसरी गोष्ट पाण्याची. देशावर बऱ्याच विहिरींचे पाणी जड. त्यातल्या कॅल्शियमशी साबणाची गाठ पडली की चिकट पांढरा साका तयार होतो आणि तो केसांवर बसतो. सॅपोनिनचा असा साका होत नाही. "साबण लावला की केसांच्या जटा होतात" ही आज्यांची तक्रार प्रयोगशाळेत तपासली तरी खरीच ठरेल.

इथेच आपला इतिहास थोडा चुकतो. आपल्याला वाटते, आधी शिकेकाई होती, मग शांपू आला. अनेक घरांत या दोहोंच्या मध्ये काही दशके साबण होता. पूर्वीच्या बऱ्याच साबणांत प्राण्यांची चरबी असे, त्यामुळे कित्येक घरांत त्याला न्हाणीघरात प्रवेश नव्हता. १९१८ च्या सुमारास मुंबईत गोदरेजांनी वनस्पती तेलापासून अंगाचा साबण काढला आणि ही अडचण दूर झाली. पुढे शिकेकाईच्या नावाचे साबणही आले. ते आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी होते. नाव शिकेकाईचे असले तरी वडी साबणाची होती आणि साबणाचा गुण नाव बदलल्याने जात नाही. तेव्हा "शिकेकाई सुटली आणि केसांची रया गेली" असे जे म्हणतात, त्यातला निदान काही दोष या मधल्या साबणाचा आहे. तो शांपूच्या नावावर मांडला गेला.

शांपू हा शब्द तर आपल्याकडूनच गेलेला. चांपणे, चंपी यांचाच तो भाऊ. १७५९ साली पाटण्यात जन्मलेल्या दीन महंमद यांनी १८१४ मध्ये इंग्लंडात ब्रायटनला जाऊन वाफेचे स्नान आणि अंग रगडून देण्याचा व्यवसाय सुरू केला. त्याला ते 'शांपूइंग' म्हणत. चौथा जॉर्ज आणि चौथा विल्यम या राजांचे ते 'शांपूइंग सर्जन' झाले. त्यात डोके धुण्याचा संबंध नव्हता. तो अर्थ इंग्रजीत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चिकटला. साबण नसलेला, सल्फेटवर चालणारा शांपू अमेरिकेत आला १९३४ मध्ये. प्रॉक्टर अँड गँबलचा 'ड्रीन'. जड पाण्यात त्याचा साका होत नसे, हे त्याचे मोठेपण. साबणाने बिघडवलेले एक काम त्याने दुरुस्त केले. शिकेकाई मात्र ते आधीपासून करत होती. पण तो तेल इतके ओरबाडून काढी की केस कोरडे होत. भारतात शांपू घरोघर पोचला तो बाटलीतून नव्हे, पुडीतून. १९८३ मध्ये तमिळनाडूतल्या कडलूरला 'चिक' सुरू झाला आणि एका न्हाण्यापुरता शांपू चिल्लर पैशांत मिळू लागला.

मग शिकेकाई हरली कशाने? आमच्या मते वेळेने. आदल्या रात्री शेंगा भिजत घालायच्या, बिया काढायच्या, उकळायच्या, गाळायच्या. बंब पेटवायचा. तेल जिरवायचे, कुणीतरी तांब्याने पाणी घालायला उभे राहायचे, मग धुपावर केस वाळवायचे. बाईचा अर्धा दिवस गेला. चाळीत नळ तासभर यायचा, तिथे हे कसे जमावे? आमच्या आईला नोकरी लागली तेव्हा घरातली शिकेकाई आधी रविवारवर गेली आणि मग दिवाळीवर. आजी कुरकुरली. पण ७:४२ ची लोकल गाठायची होती ती आजीला नव्हे.

हर्नडनला आल्यावर पहिल्या वर्षी आम्ही बॅगेतून आणलेली शिकेकाई उत्साहाने वापरली. टबात ना मोरी, ना पाणी घालायला जागा. पूड नळीत बसली, पाणी तुंबले आणि अपार्टमेंटच्या दुरुस्तीवाल्याला तो तपकिरी चिखल कसला हे समजावताना आमचे इंग्रजी अपुरे पडले.

खरे तर या देशालाही हे नवे नाही. नैर्ऋत्येकडचे होपी आणि नॅव्हाहो लोक युक्काच्या मुळाच्या फेसाने केस धुतात. होपी लग्नात वधूवरांचे केस एकत्र धुऊन एकमेकांत पिळतात. आपल्याकडे उपरण्याची गाठ बांधतात तसेच. रिठ्याची एक बहीण टेक्सास-ओक्लाहोमात रानात वाढते. आणि युरोपातून आलेल्या वसाहतवाल्यांनी सोपवर्ट नावाचे फिकट गुलाबी फुलांचे झुडूप कपडे धुण्यासाठी बरोबर आणले होते. त्याच्या पानामुळांतही सॅपोनिनच. ते अंगणातून पसार झाले आणि आता व्हर्जिनियात रस्त्यांच्या, जुन्या रेल्वेमार्गांच्या कडेला आपोआप उगवते. आपल्या गावातून जाणारी डब्ल्यू अँड ओडीची वाट १९६८ पर्यंत रेल्वेमार्गच होती. उन्हाळ्यात तिथे फिरायला गेलात तर डोळे उघडे ठेवा.

आता ज्यांना प्रयोग करायचा आहे त्यांच्यासाठी. हल्ली खाण्याच्या सोड्याने केस धुण्याचा सल्ला फार ऐकू येतो. तो ऐकू नका. सोडाही अल्कधर्मीच, म्हणजे साबणाचीच गोष्ट पुन्हा. ताक, लिंबूपाणी किंवा पातळ केलेले व्हिनेगर शेवटी लावले तर खवले मिटायला मदत होते, पण त्यांनी तेल निघत नाही. मुलांच्या डोळ्यांना रिठा लागू देऊ नका. पुडीपेक्षा अख्ख्या शेंगा आणा, पाणी जुन्या सुती कापडातून दोनदा गाळा. चहाचे गाळणे घेऊ नका. आम्ही घेतले होते, आणि नंतर आठवडाभर पाहुण्यांना कॉफी दिली.