दोन राज्यांचा एक शिपाई

एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, असे आपण म्हणतो. परंतु एकाच मनुष्यावर दोन राज्यांनी हक्क सांगून आपापली तलवार त्याच्या हाती देऊ केली, तर त्याने काय करावे? हा प्रश्न केवळ पंडितांच्या वादाचा नाही. त्यापायी माणसे फाशीच्या छायेत उभी राहिलेली आहेत.

ता. १३ ऑक्टोबर १८१२ रोजी कॅनडाच्या सरहद्दीवर क्वीन्स्टनच्या लढाईत अमेरिकन सैन्याचा पराभव झाला. कैद्यांतून इंग्रजांनी २३ शिपाई निराळे काढले. ते जन्माने आयरिश, म्हणजे इंग्लंडच्या राजाचे प्रजाजन. सबब राजद्रोही ठरवून त्यांस विलायतेस धाडण्यात आले. अमेरिकेने उलट २३ इंग्रज कैदी ओलीस धरले. सुदैवाने फाशी कोणासच झाली नाही. परंतु १८१४ च्या तहात ह्या मूळ प्रश्नाविषयी एक अक्षरही घातले गेले नाही.

इंग्लंडच्या बाजूस शास्त्राधार होता. ब्लॅकस्टोनच्या मते राजनिष्ठा हे कृतज्ञतेचे ऋण होय. बाल्यावस्थेत राजाने रक्षण केले, म्हणून ते देशांतराने वा कालांतराने फिटत नाही. पितृऋणाची कल्पना ज्यांच्या हाडीमांसी खिळली आहे, त्या आपणांस हा युक्तिवाद परका वाटणार नाही. मात्र पित्याचे ऋण आणि राज्याचे ऋण ह्यांत एक मोठे अंतर आहे. राज्याजवळ वसुलीसाठी पलटण असते.

प्रशियाने १८१४ मध्ये सार्वत्रिक लष्करी सेवेचा कायदा केला. पुढे अमेरिकेत जाऊन तेथील नागरिक झालेला जर्मन तरुण आईबापांच्या भेटीस गावी परतला, की चुकविलेल्या नोकरीचा जाब त्यास द्यावा लागे. ह्यावर तोड काढली ती इतिहासकार जॉर्ज बँक्रॉफ्ट ह्यांनी. बर्लिन येथे अमेरिकेचे वकील असताना ता. २२ फेब्रुवारी १८६८ रोजी त्यांनी उत्तर जर्मन संघाशी करार केला. पाच वर्षांचा वास आणि नवे नागरिकत्व ह्यांस जर्मनांनी मान्यता दिली. उलट, जो जुन्या देशी दोन वर्षांहून अधिक राहील, त्याने नवे नाते सोडले असे समजता येईल, असे ठरले. १८७० मध्ये इंग्लंडनेही आजन्म राजनिष्ठेचे तत्त्व सोडले.

परंतु ज्याने काहीच निवडले नाही, त्याचे काय? एक राज्य जन्मभूमीवरून आपला म्हणते, दुसरे बापाच्या रक्तावरून. १९३० च्या हेग येथील करारपत्राने ह्यास सरळ उत्तर दिले: ज्या देशात मनुष्य नित्य राहतो व ज्याच्याशी त्याचा प्रत्यक्ष संबंध अधिक निकटचा, त्यानेच त्याजकडून सेवा घ्यावी, दुसऱ्याने घेऊ नये. तथापि हे उत्तर सर्वांनी स्वीकारलेले नाही. दक्षिण कोरियात दुहेरी नागरिकत्वाच्या मुलाने अठराव्या वर्षीच्या ३१ मार्चपर्यंत कोरियाचे नागरिकत्व सोडले नाही, तर लष्करी कर्तव्याचा निकाल लागेपर्यंत त्यास ते सोडता येत नसे. परदेशी वाढलेल्या मुलांना असा अपवादरहित नियम लावणे घटनेशी विसंगत आहे, असे तेथील घटना-न्यायालयाने २०२० मध्ये ठरविले, तेव्हा कोठे कायद्यात सवलत आली.

जन्मभूमीचे ऋण खोटे आहे, असे आमचे म्हणणे नाही. परंतु ज्या मातीत मनुष्याचे घर, भाषा आणि मुलेबाळे रुजली, तिच्याकरिता तो लढला तर ते कर्तव्य होय. बापाच्या जुन्या दाखल्यावरून त्यास रणात उभे करणे ही निव्वळ वेठ होय.