ओसरीवरचा पाहुणा

अनोळखी माणूस दाराशी आला तर आपण त्याला ओसरीवर बसवतो, पाणी देतो. कपाटाच्या किल्ल्या देत नाही. घरच्या संगणकाने मात्र वर्षानुवर्षं परक्या प्रोग्रामच्या हाती किल्ल्याच दिल्या.

याचं मूळ १९७० च्या दशकात आहे. तेव्हा एकाच मोठ्या यंत्रावर अनेकजण काम करत. एकाची फाइल दुसऱ्याने उघडू नये, अशी सोय युनिक्समध्ये होती. म्हणजे भीती शेजाऱ्याची. आपणच सुरू केलेल्या प्रोग्रामला आपले सगळे हक्क आपोआप मिळत. पुढे संगणक टेबलावर आला, एकट्याचा झाला, इंटरनेटवरून नाना प्रोग्राम येऊ लागले, तरी रीत तीच राहिली.

४ मे २००० रोजी फिलिपिन्समधून ‘आय लव्ह यू’ हे ई-मेल निघालं. सोबतची फाइल साध्या पत्रासारखी दिसे. होता तो छोटा प्रोग्राम. उघडणाऱ्याच्या पत्त्यांच्या यादीतल्या सगळ्यांना त्याने स्वतःची प्रत धाडली आणि फोटोंच्या फाइलींवर स्वतःलाच लिहून ठेवलं. गंमत बघा, त्यासाठी त्याला एकही कुलूप फोडावं लागलं नाही!

उपाय तोवर कुणाला सुचला नव्हता, असंही नाही. बर्कलेच्या संशोधकांनी १९९३ मध्ये परक्या कोडला मेमरीच्या ठरावीक भागात कोंडायची युक्ती मांडली आणि तिला ‘सँडबॉक्सिंग’ म्हटलं. सँडबॉक्स म्हणजे मुलांचा वाळूचा हौद: खेळा हवं ते, पण हौदातच. १९९५ मध्ये आलेल्या जावाने तो ब्राउझरमध्ये आणला. वेबपानाबरोबर आलेल्या ॲपलेटला तुमच्या फाइली वाचता येत नसत. अर्थात हौदालाही भोकं असतात. प्रिन्स्टनच्या संशोधकांनी ती १९९६ मध्येच दाखवून दिली.

मला मोठं पाऊल वाटतं ते २००८ मधल्या क्रोम ब्राउझरचं. वेबपान उभं करणारा भाग त्यात वेगळा कोंडला. त्याला फाइल हवी तर मुख्य प्रोग्रामकडे मागायची. वापरणाऱ्याला यातलं काही कळण्याचीही गरज नव्हती.

ब्राउझरबाहेरचे प्रोग्राम मात्र मोकळेच होते. २०१२ मध्ये ॲपलने मॅकच्या आपल्या दुकानातल्या प्रोग्रामना हौद सक्तीचा केला. विंडोज १० मध्ये २०१९ साली ‘विंडोज सँडबॉक्स’ आला: संशयित प्रोग्राम त्यात चालवून पाहायचा, खिडकी बंद केली की आतलं सारं पुसलं जातं. घरोघरी असणाऱ्या ‘होम’ आवृत्तीत मात्र ही सोय दिली नाही.