वेशभूषेचा इतिहास : अहमदनगर जिल्ह्याविषयीची वाचनसाधने

एखाद्या प्रदेशातील लोकांनी निरनिराळ्या काळांत कोणती वस्त्रे वापरली, ती कशी नेसली व पांघरली, आणि त्यांत केव्हा व का बदल झाले, यांचा अभ्यास म्हणजे वेशभूषेचा इतिहास. अहमदनगर जिल्ह्याच्या (२०२४ पासून अधिकृत नाव अहिल्यानगर) बाबतीत या विषयावरील स्वतंत्र ग्रंथाऐवजी उत्खननाचे अहवाल, महानुभाव गद्य, निजामशाहीतील चित्रे, ब्रिटिश अमदानीतील गॅझेटियर आणि मराठी आत्मचरित्रे अशा विखुरलेल्या साधनांकडेच अभ्यासकाला वळावे लागते. दख्खनच्या हवेत सुती कापड फार काळ टिकत नाही आणि सामान्य माणसाचे वस्त्र विरेपर्यंत वापरले जाई. त्यामुळे प्रत्यक्ष वस्त्राऐवजी त्याविषयीचा लेख किंवा त्याचे चित्र हाच मुख्य पुरावा ठरतो. असे प्रत्येक साधन विशिष्ट हेतूने निर्माण झालेले असते. त्यात कोणाचा वेश नोंदला गेला याइतकेच कोणाचा वगळला गेला हेही महत्त्वाचे आहे.

प्रागैतिहासिक पुरावा : प्रवरेच्या काठी वसलेल्या नेवासे येथे डेक्कन कॉलेजच्या वतीने हसमुख धीरजलाल सांकलिया व त्यांचे सहकारी यांनी १९५४–५६ मध्ये उत्खनन केले. त्याचा अहवाल १९६० मध्ये प्रसिद्ध झाला. तेथील ताम्रपाषाणयुगीन थरात एका बालकाच्या दफनात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली. तांब्याच्या क्षारांमुळे मण्यांमधील धाग्याचे अवशेष टिकून राहिले होते. ए. एन. गुलाटी यांनी त्यांची तपासणी करून हा धागा रेशीम व कापूस यांचा असल्याचे १९६१ मध्ये दाखविले. या वसाहतीचा काळ सु. इ. स. पू. १५०० ते १००० असा मानला जातो. हा भारतातील रेशमाचा सर्वांत प्राचीन पुरावा असे दीर्घकाळ समजले जात होते. परंतु हडप्पा व चन्हुदडो येथील वस्तूंत त्याहूनही जुने वन्य रेशीम आढळल्याचे संशोधन २००९ मध्ये प्रसिद्ध झाल्याने तो मान आता नेवाशाकडे राहिलेला नाही. तथापि दख्खनच्या पठारावरील शेतकरी वसाहतीला सूत व रेशीम या दोहोंचा परिचय होता, या निष्कर्षाला त्यामुळे बाध येत नाही. जुने ग्रंथ वाचताना त्यांतील ‘सर्वांत प्राचीन’ यासारखी विधाने नंतरच्या संशोधनाशी ताडून पाहणे का आवश्यक आहे, हेही या उदाहरणावरून दिसून येते.

यादवकालीन गद्य : तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी संकलित केलेले लीळाचरित्र हे या जिल्ह्याच्या दृष्टीने विशेष मोलाचे साधन होय. चक्रधरांचा संचार गोदावरीच्या खोऱ्यात झाला व त्यांच्या दीर्घ वास्तव्याचे डोमेग्राम हे स्थान श्रीरामपूर तालुक्यात दाखविले जाते. अनुयायांनी वस्त्र अर्पण करणे, थंडीत पांघरूण घेणे असे प्रसंग या ग्रंथात धर्मनिरूपणाच्या ओघात सहज येऊन जातात. वस्त्रांचे वर्णन करणे हा ग्रंथकाराचा हेतू नसल्यामुळेच हे उल्लेख विश्वसनीय वाटतात. मात्र ग्रंथाची आजची संहिता अनेक पाठांच्या आधारे सिद्ध झालेली असल्याने एखाद्या शब्दावर काळाचा भार टाकण्यापूर्वी पाठभेद पाहणे इष्ट आहे. वि. भि. कोलते यांनी संपादिलेली व महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेली आवृत्ती, तसेच शं. गो. तुळपुळे व ॲन फेल्डहाउस यांचा १९९९ मधील जुन्या मराठीचा शब्दकोश ही दोन साधने या कामी उपयुक्त ठरतात.

निजामशाहीतील चित्रे : अहमदनगरच्या दरबारी वेशाचा सर्वांत महत्त्वाचा पुरावा म्हणजे तारीफ-इ-हुसेनशाही हे फार्सी पद्यात्मक हस्तलिखित. आफताबी या कवीने पहिल्या हुसेन निजामशाहाची (कार. १५५३–६५) स्तुती करण्यासाठी ते रचले. १५६५ मधील तालिकोटच्या लढाईतील विजयाचे वर्णन त्यात असून त्याचा निर्मितिकाल १५६५ ते १५६९ असा मानला जातो. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात ते जतन केलेले असून त्यातील बारा चित्रे उरली आहेत. ग. त्र्यं. कुलकर्णी व म. श्री. माटे यांनी संपादिलेली व इंग्रजी अनुवादासह असलेली त्याची आवृत्ती मंडळाने १९८७ मध्ये प्रकाशित केली.

या चित्रांतील स्त्रियांच्या वेशात दोन परंपरांचा संगम झालेला आहे. चोळी, तसेच गोंडा लावलेली लांब वेणी या गोष्टी माळव्याकडील उत्तरी चित्रपरंपरेशी जुळतात. तर कटीच्या खालून अंगाभोवती फिरविलेले लांब वस्त्र हे विजयनगर प्रदेशातील लेपाक्षीच्या भित्तिचित्रांत आढळणाऱ्या दक्षिणी रीतीचे आहे. डग्लस बॅरेट व बेसिल ग्रे यांनी भारतीय चित्रकलेवरील आपल्या १९६३ मधील ग्रंथात याकडे लक्ष वेधले. विजयनगराच्या पराभवाचा गौरव करणाऱ्या हस्तलिखितातच त्या प्रदेशातील वेशाची छाया दिसावी, ही गोष्ट लक्षणीय आहे. राजकीय वैर असतानाही कारागीर, कापड आणि नेसण्याच्या रीती सीमा ओलांडून जात, याचे हे प्रमाण होय.

या हस्तलिखिताचे दुसरे वैशिष्ट्य वेशभूषेच्या अभ्यासकाला सावध करणारे आहे. हुसेन निजामशाहाची राणी खुंजा हुमायून हिला चित्रांत राजाच्या शेजारी मानाचे स्थान दिलेले होते. पतीच्या मृत्यूनंतर अल्पवयीन मुर्तझाच्या वतीने तिने राज्यकारभार पाहिला. परंतु १५६९ मध्ये तिला सत्तेवरून दूर करून कैद करण्यात आले. त्यानंतर बहुतेक चित्रांतील तिची आकृती पुसून टाकण्यात आली. परिणामतः या चित्रांत दासींचा वेश स्पष्ट दिसतो, पण राणीच्या वेशाची जागा बव्हंशी रिकामी राहते. दासींच्या वस्त्रांवरून राणीच्या वस्त्रांचे अनुमान करणे म्हणूनच धोक्याचे ठरते.

याच्या उलट प्रकार खुंजा हुमायूनची कन्या चांदबीबी हिच्याबाबतीत घडला आहे. घोड्यावर स्वार होऊन बहिरी ससाण्यासह शिकारीस निघालेली चांदबीबी हा दख्खनी चित्रकारांचा आवडता विषय होता, परंतु अशी ज्ञात चित्रे तिच्या मृत्यूनंतर (सु. १६००) जवळजवळ शतकाने व त्यापुढील काळात काढलेली आहेत. त्यांतील पोशाख चित्रकाराच्या काळातील दरबारी रुची दाखवितो, चांदबीबीचा नव्हे. जिल्ह्यातील चोंडी येथे जन्मलेल्या अहिल्याबाई होळकर (१७२५–९५) यांच्या प्रचलित छापील चित्रांनाही हीच कसोटी लावावयास हवी. पुरुषांच्या दरबारी वेशासाठी पातळ पांढऱ्या मलमलीचा जामा, कमरेचा पटका आणि आटोपशीर पगडी दाखविणारी सोळाव्या–सतराव्या शतकांतील दख्खनी व्यक्तिचित्रे पाहावीत. मार्क झेब्रॉव्स्की यांचा दख्खनी चित्रकलेवरील ग्रंथ (१९८३) आणि न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेला दख्खनी सुलतानांविषयीचा ग्रंथ यांत ती संकलित आहेत.

गॅझेटियर व विणकामाचा इतिहास : जेम्स कॅम्बेल यांच्या संपादकत्वाखाली १८८४ मध्ये निघालेला मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा सतरावा खंड अहमदनगर जिल्ह्याविषयी आहे. लोकांविषयीच्या प्रकरणात जातवार घरे, अन्न, वेश व दागिने यांच्या नोंदी असून पागोटे, धोतर, अंगरखा, लुगडे, चोळी, घोंगडी अशा वस्त्रांची माहिती त्यांत मिळते. उद्योगविषयक भागात शहरातील लुगडी विणण्याच्या धंद्याचे वर्णन आहे. शहर वसल्यानंतर लवकरच तो तेथे सुरू झाला, अशी परंपरा होती. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकन मराठी मिशनचे डी. सी. चर्चिल यांनी अहमदनगर येथे सुधारित हातमाग तयार केला. गिरणीच्या कापडाशी स्पर्धा करताना हातमाग टिकला कसा, या प्रश्नासाठी पश्चिम भारतातील विणकर व व्यापाऱ्यांविषयीचा डग्लस हेन्स यांचा ग्रंथ (२०१२) वाचनीय आहे. १८७० ते १९६० हा त्याचा कालखंड असून, कारागीर काळानुसार बदलत गेले, हे त्यात साधार मांडले आहे.

गॅझेटियरची मर्यादा त्याच्या रचनेतच आहे. प्रत्येक जातीपुढे तिचा एक वेश लिहिल्याने तो अनादी व अपरिवर्तनीय असल्याचा भास होतो. वस्तुतः वेशावरील बंधने सामाजिक सत्तेने लादलेली होती आणि ती मोडताही येत होती. डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे स्त्रियांपुढे केलेल्या भाषणात बाबासाहेब आंबेडकर यांनी अस्पृश्यतेची खूण ठरलेली लुगडे नेसण्याची रीत व जडशीळ दागिने टाकून देण्याचे आवाहन केले. गॅझेटियरने ज्याला केवळ चाल म्हटले, ती नेसणारीच्या दृष्टीने अपमानाची खूण होती. अशा ठिकाणी सरकारी नोंद आणि त्या समाजाचे स्वतःचे कथन ही दोन्ही शेजारी ठेवून वाचणे अगत्याचे आहे.

मराठी ग्रंथ : त्रिंबक नारायण आत्रे यांच्या गावगाडा (१९१५) या ग्रंथातून वस्त्रांमागील ग्रामव्यवस्था समजते. चांभार व परीट हे बलुतेदार होत. शिंपी व साळी यांची गणना काही याद्यांत अलुतेदारांत केलेली आढळते. पादत्राणे व धुलाई यांचा मोबदला सुगीच्या धान्यातून दिला जाई, तर कापड बहुधा बाजारातून विकत आणावे लागे. त्यामुळे दुष्काळाचा फटका प्रथम नव्या वस्त्राच्या खरेदीस बसे. लक्ष्मीबाई टिळक यांचे स्मृतिचित्रे हे १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झालेले आत्मचरित्र अहमदनगर व राहुरी येथील जीवनाशी निगडित आहे. सोवळ्याओवळ्याच्या कडक वातावरणात वाढलेली स्त्री धर्मांतरानंतर नव्या समाजात कशी वावरली, हे त्यात तिच्याच शब्दांत आले आहे. अकोले तालुक्यातील धामणगाव येथे जन्मलेले दया पवार यांचे बलुतं (१९७८) हे आत्मकथन या यादीत अवश्य असावे. मृताच्या अंगावरील वस्त्र ज्यांच्या ‘हक्का’त मोडे, त्या समाजाच्या दृष्टीतून गावगाडा पाहिल्यावर वस्त्र म्हणजे केवळ शोभा नव्हे, हे ध्यानात येते.

सर्वसाधारण ग्रंथ व वाचनाचा क्रम : भारतीय पार्श्वभूमीसाठी मोतीचंद्र यांचा प्राचीन भारतीय वेशभूषा (१९५०) हा हिंदी ग्रंथ आणि गो. स. घुर्ये यांचा भारतीय वेशभूषेवरील इंग्रजी ग्रंथ (१९५१) हे आधारभूत मानले जातात. मोतीचंद्र यांचा भर शिल्पे व संस्कृत–पाली वाङ्मय यांवर, तर घुर्ये यांचा प्रादेशिक भेदांवर आहे. नेसण्याच्या पद्धतींसाठी शांताल बुलांझे यांचा १९९७ मधील सचित्र ग्रंथ उपयुक्त आहे. काष्ट्याचे महाराष्ट्रीय लुगडे इतर प्रांतांतील पद्धतींहून कसे वेगळे आहे, हे त्यातील आकृत्यांवरून स्पष्ट होते. वेश व सामाजिक प्रतिष्ठा यांच्या संबंधाची चर्चा एमा टार्लो यांनी १९९६ मधील आपल्या ग्रंथात केली आहे. त्यांचे क्षेत्रीय संशोधन मुख्यतः गुजरातमधील असले, तरी त्यांची विवेचनपद्धती अन्यत्रही लागू पडते.

नव्या वाचकाने प्रथम घुर्ये यांचा ग्रंथ वाचून संज्ञांचा परिचय करून घ्यावा, नंतर गॅझेटियरचा सतरावा खंड व बलुतं ही एकापाठोपाठ वाचावीत आणि मग तारीफ-इ-हुसेनशाहीची चित्रे पाहावीत, हा क्रम सोयीचा आहे. प्रत्येक साधनाबाबत ते कोणी, कोणासाठी व वर्णिलेल्या काळानंतर किती वर्षांनी निर्माण केले, हे तीन प्रश्न विचारावेत. जिल्ह्यातील विणकरांची घरे, जुनी कौटुंबिक छायाचित्रे आणि स्त्रियांच्या तोंडी असलेल्या जात्यावरील ओव्या ही साधने अद्याप पुरेशी अभ्यासली गेलेली नाहीत. जुन्या पिढीबरोबर नेसण्याच्या रीती व वस्त्रांची नावे वेगाने लोप पावत असल्यामुळे त्यांची नोंद करणे हे या विषयातील तातडीचे कार्य होय.