तंजावरचा दरबार आणि वृंदसंगीत

१८२४ च्या मे महिन्यात व्हिएन्ना येथे बेथोव्हेनची नववी सिंफनी प्रथम सादर झाली. केवळ वाद्यांसाठी मानल्या गेलेल्या या रचनाप्रकाराच्या अखेरच्या भागात त्याने चार प्रमुख गायक आणि गायकवृंद यांना स्थान दिले. १९१० मध्ये म्यूनिक येथे सादर झालेल्या मालरच्या आठव्या सिंफनीत तर गायक-वादकांची संख्या शेकड्यांनी मोजावी लागली.

बेथोव्हेनच्या त्याच काळात कावेरीकाठी तंजावरास सरफोजीराजे भोसले (दुसरे) गादीवर होते. १७९९ च्या तहाने राज्यकारभार कंपनीकडे गेला होता. राजांची सत्ता किल्ला व त्याचा परिसर एवढ्यापुरतीच उरली होती. श्वार्ट्‌झ या जर्मन पाद्र्याच्या सहवासात वाढलेल्या या राजाने उरलेले सामर्थ्य विद्येकडे वळविले. दरबारात पाश्चात्य वाद्यांचा बँड आला. सरस्वती महाल ग्रंथालयात पाश्चात्य स्वरलिपीची पुस्तकेही जमा झाली.

परंतु या भूमीने सारेच स्वीकारले नाही. सिंफनीत अनेक स्वरावली एकाच वेळी चालतात. आपला राग एका स्वराकडून दुसऱ्याकडे गमकांच्या आधाराने जातो. अनेक स्वर एकदम उभे केले की त्याची ती चालच थांबते. म्हणून स्वरसंवादाचे शास्त्र दाराशीच राहिले आणि व्हायोलिन मात्र घरात आले. पडदे नसल्यामुळे त्यावर गमक सहज निघते, हे मर्म दक्षिणेच्या कलावंतांनी ओळखले. दरबाराच्या आश्रयास असलेल्या चार बंधूंपैकी वडिवेलू या वाद्यात निष्णात झाला आणि पुढे त्रावणकोरच्या स्वाती तिरुनाळ महाराजांच्या दरबारी मान पावला.

मग मोठा विस्तार असलेली, अनेक कलावंतांनी मिळून सादर करावयाची रचना तंजावरास नव्हती काय? होती, आणि ती मराठीत होती. सरफोजीराजांच्या नावे असलेल्या ‘कोरव्यांचे साहित्याचे जिन्नस’ या संग्रहातील निरूपणे नृत्यासाठी रचलेली आहेत. एका निरूपणात जयजय, शरणू, अलारू, शब्द, वर्ण, पद, तिल्लाना असे अठरा जिन्नस क्रमाने येतात. कथा एक, राग एक, तालही एक. सिंफनी अनेक स्वरांच्या मेळातून भव्यता साधते. निरूपण एकाच रागाला अठरा रूपे देऊन ती साधते.

१८५५ मध्ये शिवाजीराजे निपुत्रिक वारले आणि कंपनीने संस्थान खालसा केले. आश्रय तुटला, कलावंत पांगले. वडिवेलू व त्याच्या बंधूंनी बसविलेला नृत्यक्रम भरतनाट्याच्या रूपाने जगभर गेला. वर्ण आणि तिल्लाना आज दूरदेशींच्या रंगमंचांवरही नाचले जातात. निरूपणांचे मराठी शब्द मात्र दीर्घकाळ सरस्वती महालाच्या पोथ्यांतच राहिले. ते ग्रंथरूपाने छापले गेले आहेत, पण गायनात व नृत्यात क्वचितच उतरतात. तमिळ भूमीने ही ठेव जतन केली. तिला कंठ देण्याचे ऋण मराठी भाषकांकडे अजून बाकी आहे.